आवळे सिस्टरचा हात

मिरजेच्या आयुर्धन हॉस्पिटलात एस्तेर आवळेला पसंत पडेल असा एकही हात नव्हता. डॉक्टरांचे हात तिच्या मते सही करण्यापुरते. नव्या नर्सांच्या हातांचं तर विचारूच नका. कुणी पोरीनं औषधाची व्हायल उचलली की एस्तेर दारातून बघायची, नाकपुड्या फुगवायची आणि म्हणायची, "ताक घुसळतीयेस काय गं? औषध आहे ते." पोरगी आणखीच थरथरायची. मग एस्तेर तिच्या हातातनं व्हायल काढून घ्यायची आणि स्वतः करून दाखवायची. दाखवायची म्हणजे काय, समोर उभी राहून करायची. समजावून वगैरे सांगणं तिच्या स्वभावात नव्हतं. बत्तीस वर्षं हेच चाललं होतं.

आणि खरं सांगायचं तर बाईचा तो अधिकार होता. पुष्कळशी औषधं पाण्यात मिसळली की काही तासांत त्यांचा जोर उतरतो. म्हणून कारखान्यातून ती कोरडी पावडर होऊन येतात, काचेच्या इवल्याशा बाटलीत, आणि द्यायच्या आधी नर्सनं ती विरघळवायची असते. ऐकायला सरबताइतकं सोपं. पण पाणी पावडरीवर थेट सोडलं की गुठळ्या होतात. जोरात हलवलं की फेस येतो आणि सिरिंजमध्ये औषधाऐवजी फेस चढतो. शिवाय पावडरही जागा खाते. चार मिली पाणी घातलं तर औषध चार मिलीहून जास्त होतं, आणि हे ध्यानात न घेणारा प्रत्येक डोस चुकवतो. मोठ्या माणसाला त्यानं फारसा फरक पडत नाही. दीड किलोच्या बाळाला पडतो.

एस्तेर पाणी काचेच्या कडेनं सोडायची. बाटली दोन तळव्यांत धरून वळायची, उजेडाला धरून बघायची. मग सिरिंजमध्ये पाहिजे त्याहून अंमळ जास्त ओढायची, सिरिंज उभी करून टिचकी मारायची, वर आलेली हवा ढकलायची, हवेबरोबर दोन थेंब उडायचे, आणि काळं रबर बरोबर रेघेवर येऊन थांबायचं. सगळं मिळून चाळीस सेकंद. आपण काय केलं हे तिचं तिलासुद्धा सांगता आलं नसतं, आणि सांगावं असं तिला कधी वाटलंही नाही.

दोन हजार सदतीस साली नियम निघाला की विरघळवून दिलेल्या प्रत्येक डोसवर, तो ज्या नोंदणीकृत नर्सनं तयार केला, तिचं नाव आणि नंबर छापलाच पाहिजे. त्याच वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं औषध विरघळवणारं यंत्र काढलं. नाव 'हस्तामृत'. ज्यानं ते नाव ठेवलं त्यानं आयुष्यात कधी सलाईनची बाटली अडकवली नसणार हे उघड होतं. यंत्राला नर्सची नोंदणी कुठून मिळायची? पण कंपनीच्या वकिलांनी वाट काढली. यंत्र स्वतः काही करत नाही, म्हणाले, ते एका खऱ्या नर्सचा हात जसाच्या तसा चालवतं, तेव्हा नाव त्या नर्सचं. सरकारला पटलं. सरकारला असल्या गोष्टी पटकन पटतात.

आता हात कुणाचा? त्यासाठी निहार साठ्ये नावाचा एक गुळगुळीत दाढीचा इंजिनियर मिरजेला आला.

"मॅडम, आम्ही अठ्ठावीस सिस्टर्सचे हात स्टडी केले. तुमच्यासारखा एकही नाही."

"ते मला माहीत आहे," एस्तेर म्हणाली, आणि त्यानं आणलेले हातमोजे चढवले.

त्या मोज्यांत प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक बोटाच्या टोकावर संवेदक होते. कोपर किती वळलं, अंगठ्यानं किती दाब दिला, टिचकी कुठं बसली, सगळं टिपलं जायचं. सहा आठवडे ती मोजे घालून काम करत होती. सहा महिन्यांनी यंत्र आलं. काचेच्या खोलीत पोलादाची दोन बोटं आणि एक पंजा, बस्स. सांगलीपासून लातूरपर्यंत सदतीस हॉस्पिटलांत तसलीच खोली झाली आणि सदतीस हॉस्पिटलांतल्या प्रत्येक डोसवर छापून यायला लागलं: तयार करणारी, एस्तेर आवळे.

रविवारी चर्चमधून बाहेर पडताना कुणीतरी सांगायचं, "अहो, सोलापूरला माझ्या आईला ॲडमिट केलं होतं, तिथल्या औषधावर तुमचं नाव."

"असणारच," एस्तेर म्हणायची.

नर्सांना आता विरघळवण्याच्या टेबलाजवळ काम उरलं नाही. यंत्रातनं भरलेली सिरिंज एका बंद, अपारदर्शक डबीत यायची. डबी खाटेशेजारच्या पंपात बसवायची आणि पुढच्या खाटेकडे जायचं. डबी रिकामी झाली की पंप 'पूर्ण' असं दाखवायचा. डबी उघडायला सक्त मनाई. खुद्द एस्तेरनंच पोरींना वर्षानुवर्षं बजावलं होतं की जिनं विरघळवलं तिनंच द्यायचं, दुसरीनं भरलेली सिरिंज हातात घ्यायची नाही. एकीनं त्याची आठवण करून दिली, तर एस्तेर म्हणाली, "तो नियम तुमच्यासारख्यांमुळं होता. आता पेशंट तरी वाचतील."

या सगळ्या पोरींमध्ये एस्तेरच्या लेखी सर्वांत टाकाऊ म्हणजे अक्षता मगदूम. ती जतकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्यातनं आली होती. तिथं पंप नव्हते, म्हणून सलाईनखाली उभं राहून मनगटावरच्या घड्याळावर थेंब मोजायचे, मिनिटाला किती पडतात ते बघून नळीवरची चाकी फिरवायची, अशी तिची सवय. इथं थेंब मोजणारं यंत्र शेजारी लुकलुकत असतानाही बाई मनगट वर करून उभीच. एक खाट करायला तिला दुसऱ्यांच्या दुप्पट वेळ लागायचा.

"ती यंत्रावर पहारा देते," एस्तेर सगळ्यांदेखत म्हणायची. "उगीच पळून गेलं म्हणजे?"

सगळ्या हसायच्या. अक्षता हसायची नाही आणि रडायचीही नाही. मोजून झालं की वहीत लिहायची.

जुलैतल्या एका गुरुवारी दुपारी ती चहाच्या वेळी एस्तेरसमोर येऊन उभी राहिली.

"सिस्टर, एक विचारू?"

"विचारल्याशिवाय राहणार आहेस का?"

"ऐवळेंच्या बाळाची डबी वीस मिनिटांत संपायला पाहिजे. बारा मिनिटांत संपतीय. काल तीनदा बघितलं, आज दोनदा."

गुरुनाथ ऐवळे हा कुपवाडच्या कारखान्यात काम करणारा माणूस. त्याची मुलगी वेळेआधी जन्मली होती, एक किलो सहाशे ग्रॅमची, आणि तिच्या रक्तात जंतू पसरले होते. अँटिबायोटिक सुरू करून तीन दिवस झाले तरी उतार नव्हता. हॉस्पिटलचे मालक डॉ. इंगवले म्हणत होते की जंतू चिवट आहेत, संध्याकाळपासून शेवटचं औषध सुरू करू. शेवटचं म्हणजे ज्याच्यापुढं दुसरं नाही असं. ते एवढ्याशा जिवाच्या मूत्रपिंडाला झेपेल की नाही, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते.

"पंप जोरात चालत असेल," एस्तेर म्हणाली.

"पंप बदलून बघितला. तरी बाराच."

"मग घड्याळ बदल."

अक्षता जागची हलली नाही. "पंपाचा वेग बरोबर आणि वेळ कमी, म्हणजे डबीतच औषध कमी आहे. दुसरं काय असणार सिस्टर?"

"डबीवर कुणाचं नाव आहे ते वाचता येतं ना तुला?"

"येतं की. म्हणून तर तुमच्याकडं आले. साहेबांकडं नाही गेले."

एस्तेरचा चहा कडू झाला. ही जतची मंद पोरगी आपल्यावर उपकार करतेय, ही कल्पनाच तिला सहन होईना. हिची सगळ्यांसमोर जिरवायची असं ठरवून ती उठली, बाळाची पुढची डबी घेतली, ड्रेसिंगच्या खोलीत गेली आणि अक्षताच्या नाकासमोर सील फोडलं.

आत एक मिलीची सिरिंज. लेबलावर ०.४. काळं रबर ०.२५ च्याही खाली.

एस्तेरनं दुसरी डबी फोडली. तेच. मोठ्यांच्या वॉर्डातली दहा मिलीची फोडली. तिथंही तेवढंच कमी, पण दहामध्ये तेवढं कमी असलं तर कुणाच्या लक्षात येतंय? एखाद्या आजोबाला काही फरक पडत नाही. बाळाचा मात्र जवळजवळ निम्मा डोस गायब होतो. जंतू चिवट नव्हतेच. त्यांना मरण्याइतकं औषधच मिळत नव्हतं.

अक्षतानं तिन्ही आकडे वहीत लिहिले. टोमणा मारला असता तर एस्तेरला सोपं गेलं असतं.

एस्तेर काचेच्या खोलीसमोर जाऊन उभी राहिली. आत पोलादाची बोटं काम करत होती. पाणी कडेनं सोडलं. बाटली वळली. उजेडाला धरली. एस्तेरला क्षणभर कौतुकच वाटलं, काय हात आहे. मग बोटांनी औषध ओढलं, अगदी रेघेपर्यंत, रेघेच्या पुढं केसभरही नाही. सिरिंज उभी झाली. टिचकी बसली. दोन थेंब उडाले. रबर रेघेच्या खाली गेलं आणि यंत्रानं छापलं, ०.४. तयार करणारी, एस्तेर आवळे.



पंधरा मिनिटांत ती डॉ. इंगवल्यांच्या केबिनमध्ये होती आणि भिंतीवरच्या पडद्यावर साठ्ये होता.

"ते वेस्टेज होतं, मॅडम," साठ्ये म्हणाला. "तुम्ही प्रत्येक डोसला जास्त ओढायचात आणि फेकून द्यायचात. सिस्टीमनं गेल्याच आठवड्यात ते ऑप्टिमाइझ केलं, जास्तीचं ओढणं काढून टाकलं. टिचकी मात्र ठेवली. हवा काढणं सेफ्टीचं आहे ना."

"आणि टिचकीनंतर उडतं ते?"

"ते सिस्टीममध्ये हवा म्हणूनच धरलंय."

"हवा म्हणून." एस्तेरचा आवाज अगदी खाली आला. तिच्या हाताखालच्या पोरी असत्या तर एव्हाना पळाल्या असत्या. "गाढवा, जे उडतं ते आधी जास्तीचं घ्यावं लागतं. म्हणून मी जास्त ओढते. एवढंही मला विचारता आलं नाही तुला?"

साठ्येचा चेहरा पडला, पण तो गप्प बसला नाही. "विचारलं होतं, मॅडम. रेकॉर्डिंग आहे. प्रत्येक हालचाल का करता ते सांगा, असं आम्ही तीनदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, 'हात बघ. तोंडानं सांगून कळायचं असतं तर सगळ्यांनाच जमलं असतं.'"

तिला ते आठवत होतं. वाक्य कुठं, कसं म्हटलं, म्हणताना किती बरं वाटलं होतं, तेसुद्धा आठवत होतं. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

डॉ. इंगवले शहाणे गृहस्थ होते, म्हणजे स्वतःपुरते. त्यांनी हिशेब आधीच मांडला होता. साठ्येनं तासाभरात गुपचूप दुरुस्ती पाठवायची. ऐवळेच्या बाळाचा रिपोर्ट मात्र लिहावा लागणार, कारण डब्या फोडल्याची नोंद यंत्रानं केली होती. आणि कायद्यानं रिपोर्टात दोनच नावं येऊ शकत होती, तयार करणारी आणि देणारी.

"तयार करणारीचं नाव घातलं तर तुमची नोंदणी त्या क्षणी स्थगित होते, सिस्टर," ते म्हणाले. "आणि तुमचा नंबर गेला की सदतीसच्या सदतीस यंत्रं बंद. देणारीचं नाव घातलं तर प्रकरण इथल्या इथं मिटतं. डबी नीट बसवली नाही, औषध गळालं. मगदूमच ना ती? तरुण आहे. करेल दुसरं काहीतरी."

"बाकीच्या हॉस्पिटलांतली बाळं?"

"त्यांना दुरुस्त डोस मिळेलच की आजपासून."

"ज्यांना आधी कमी मिळाला, त्यांच्या डॉक्टरांना कोण सांगणार? तेही तुमच्यासारखेच शेवटच्या औषधाकडं निघाले असतील."

इंगवल्यांनी टॅब्लेट तिच्याकडे सरकवला. रिपोर्ट तयार होता, वरिष्ठ नर्स म्हणून तिची सही तेवढी बाकी होती.

खोटं कशाला सांगा, एस्तेरला तो मार्ग पटला. चांगली दोन मिनिटं पटला. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं, घर म्हणजे हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या दोन खोल्या. होता तो हा हात आणि त्याचं नाव. मगदूमकडे काय होतं? एक वही. असल्या पोरी येतात आणि जातात.

मग तिनं रिपोर्ट वाचला. 'डबी बसवताना परिचारिका मगदूम यांचा हलगर्जीपणा.'

मंद म्हणाली होती ती अक्षताला. बावळट म्हणाली होती, खेडवळ म्हणाली होती, एकदा तर म्हैस म्हणाली होती. हलगर्जी कधीच म्हणाली नव्हती, कारण ते खरं नव्हतं. एस्तेर आवळे आयुष्यात कुणाशी धड वागली नसेल, पण कुणाच्या हाताबद्दल ती खोटं बोलली नव्हती. आणि हा हातमोजे विकणारा पोरगा आणि हा सही करणारा माणूस तिच्या सहीनं ते बोलायला निघाले होते. तिला त्या दोघांची किळस आली. दोन मिनिटं आपल्यालाही हे पटलं होतं, याची त्याहून जास्त आली.

तिनं टॅब्लेट घेतला, मगदूमचं नाव खोडलं, नोंदणी कार्यालयाचं पान उघडलं आणि लिहिलं: चूक तयार करणारीची. सर्व हॉस्पिटलांतल्या नवजात बाळांना डोस कमी गेला आहे, सर्वांना तात्काळ कळवावं. खाली अंगठा टेकवला.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत?" इंगवले उभे राहिले होते.

"मला कळतंय. तुम्हाला वेळ लागेल."

चार मिनिटांनी तिचा नंबर लाल झाला. काचेच्या खोलीतली बोटं अर्ध्यावर थांबली. जिल्ह्याजिल्ह्यांतून फोन सुरू झाले. वर्षभर कुणी व्हायलला हात लावला नव्हता. काही पोरींनी तर कॉलेजातनं बाहेर पडल्यावर एकदाही लावला नव्हता. पावडरीवर पाणी किती, कसं, कुणाला धड आठवत नव्हतं. शहाण्यांनी केलेली व्यवस्था अशी असते, बंद पडेपर्यंत उत्तम चालते.

इंगवल्यांनी निदान एवढं केलं की शेवटचं औषध थांबवलं. ऐवळेच्या बाळाला आता पहिलंच औषध पूर्ण मापानं द्यायचं होतं, लगेच, हातानं. नवजात बाळांच्या वॉर्डात चौघी नर्स होत्या. तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्षतानं कोपरापर्यंत हात धुतले आणि व्हायल घेतली.

एस्तेर तिच्या मागं जाऊन उभी राहिली. हात लावायची तिला आता परवानगी नव्हती. ते तिनं पाठीमागं एकमेकांत धरून ठेवले होते, तरी बोटं वळवळत होती.

"कडेनं सोड. कडेनं म्हणते ना."

"होय सिस्टर."

"वळ आता. हलवू नकोस. अगं, किती वेळ. आता जास्तीचं ओढ, रेघेच्या पुढं. तिथं नाही, आणखी, आणखी..."

अक्षतानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. वळली.

"सिस्टर, तुम्ही मागं उभ्या राहिलात की माझं मोजणं चुकतं. बाहेर बसा."

एवढं बोलून ती परत व्हायलकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता की अपमान करायचा तिचा इरादाही नव्हता. बाळाला औषध द्यायचं होतं, मधे एक अडथळा होता, तो तिनं बाजूला केला. बाकीच्या तिघी जमिनीकडे बघत होत्या. एस्तेरच्या तोंडापर्यंत पाच-सहा उत्तरं आली, एकाहून एक जहरी. ती गिळून ती बाहेर गेली.

बाहेर नातेवाइकांचं बाकडं होतं. बत्तीस वर्षांत ती त्यावर कधी बसली नव्हती. बसली तर कळलं की ते फार खाली आहे आणि तिथून काचेच्या आतलं काही दिसत नाही. शेजारी गुरुनाथ ऐवळे बसला होता, कारखान्याच्या निळ्या शर्टात.

त्यानं तिच्या छातीवरची पाटी वाचली. "तुम्हीच आवळे सिस्टर? माझ्या पोरीच्या सगळ्या डब्यांवर तुमचं नाव असतंय. मी रोज वाचतो. म्हटलं, एकाच माणसाच्या हातनं होतंय, काळजी नाही."

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. उद्यापर्यंत त्याला कुणीतरी सांगितलंच असतं.

"त्या डब्यांत औषध कमी होतं," एस्तेर म्हणाली. "तीन दिवस. चूक माझी."

गुरुनाथ तिच्याकडे बघत राहिला. तो ओरडला नाही, उठला नाही. फक्त त्याच्या नजरेतून ती उतरली, पार खाली. हे असं बघणं एस्तेरला पाठ होतं. ती स्वतः रोज दारात उभी राहून असंच बघायची. ते या बाजूनं कसं लागतं हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "आता आत कोण करतंय?"

"मगदूम म्हणून आहे एक."

"ती नीट करती का?"

एस्तेरनं मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितलं.

"करते," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा नीट."